जास्तच स्वच्छ जागा

ऑक्टोपसला तीन हृदयं असतात.

पिशवीभर बल्ब. एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेला. नवरा म्हणाला, "राहू देत, कामाला येतील."

तपकिरी कोट, पुरुषाचा. डाव्या छातीपासून खिशापर्यंत सुपाचे ओघळ. एकदा सांडलेलं नाही. पुन्हा पुन्हा, त्याच वाटेने.

शीतनिद्रा.

रक्ताच्या डागावर गरम पाणी ओतलं की तो कायमचा राहायला येतो.

शर्टाच्या खिशात घशाच्या गोळ्या, आल्याच्या. खोकला मात्र नाही.

पांढऱ्या ध्रुवीय अस्वलाची कातडी केसांखाली काळी असते.

गुरुवार.

*

हे सगळं एका वर्षात आमच्या घरात आलं. कोट तेवढा घरात नाही, दुकानात आला. मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खोलीत डाग काढते. समोर काउंटर आहे, तिथे गिऱ्हाईक बोलतं. मागे कपडे बोलतात. कपडे खोटं बोलत नाहीत, पण गिऱ्हाइकाला ते माहीत नसतं. "चहा सांडला हो," म्हणून दिलेल्या शर्टावर चहा नसतो. चहाच्या डागाची कड गडद असते आणि मधला भाग फिका. नसेल तर मी ओळखते की बाई किंवा बुवा काहीतरी झाकताहेत.

डागाला हात लावण्याआधी तीन प्रश्न विचारायचे, अशी आमच्याकडे पद्धत आहे. कशाचा? किती जुना? आधी कुणी हात लावलाय का?

नवरा वायरमन आहे. लग्नापासून त्याचं बोलणं म्हणजे "वीज आहे का", "वीज गेली", "वीज आली". माझी आई म्हणायची, जावई चांगला आहे, फक्त त्याचं बटण सापडत नाही.

आणि एका संध्याकाळी जेवताना हा माणूस घास खाली ठेवून म्हणाला, "ऑक्टोपसला तीन हृदयं असतात."

मी म्हटलं, "कुणी सांगितलं?"

"असतात," तो म्हणाला आणि घास उचलला.

*

शब्द अंगाला लागून येतात. उदबत्तीचा वास लागतो तसे, कुत्र्याचे केस लागतात तसे. कुणाजवळ तरी बराच वेळ बसावं लागतं, त्याशिवाय लागत नाहीत.

*

दुकानात माझ्या टेबलाशेजारी इस्त्रीचं मशीन आहे. ते चालवणाऱ्या बाईला आम्ही सगळे वाफ म्हणतो. ती मशीनसारखीच आहे, बोलायला लागली की समोरचा माणूस सरळ होतो.

"तीन हृदयं?" वाफ म्हणाली. "अगं, मग हिशोब सोपा आहे. एक घरी, दोन बाहेर."

"ऑक्टोपसला म्हणाला तो. स्वतःला नाही."

"सुरुवात ऑक्टोपसपासूनच होते."

त्याच दिवशी तो तपकिरी कोट माझ्या टेबलावर आला. मी ओघळावर बोट फिरवलं आणि वाफेला दाखवलं. "हे बघ. चमचा दर वेळी तोंडाच्या अलीकडेच कलंडतोय. हा माणूस एक तर प्यायलेला असणार, नाही तर प्रेमात."

"तुझ्या नवऱ्याचा तर नाही ना?" वाफ म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की काउंटरवरून मालक आत डोकावला.

डाग निघाला. कॉलरच्या आत मी नेहमीप्रमाणे नंबराची चिठ्ठी टाचली आणि कोट पुढे गेला. मी विसरले.

*

मग रांगच लागली, दर गुरुवारी हा कामावरून उशिरा आला की नवं काहीतरी. फुलपाखरू पायांनी चव घेतं. जिराफाच्या एवढ्या लांब मानेत मणके सातच, माणसाइतकेच. मांजराला गोड कळत नाही. शुक्रावरचा एक दिवस त्याच्या एका वर्षापेक्षा मोठा असतो.

आणि शब्द. प्रवाळ. अनुनाद. लोलक. एकदा खिडकीशी उभा राहून, बाहेर दिवस आणि रात्र एकमेकांना टेकलेली असताना, माझा नवरा, ज्याने आयुष्यात ट्यूबलाइटच्या पलीकडे प्रकाशाबद्दल तोंड उघडलं नव्हतं, म्हणाला, "संधिप्रकाश."

माझ्या हातात ओलं ताट होतं. ते मी तसंच धरून राहिले.

"काय म्हणालास?"

"ह्याला म्हणतात."

"माहीत आहे मला कशाला म्हणतात. तुला कधीपासून माहीत आहे?"

"आत्ताच. म्हणजे... गेल्या आठवड्यापासून."

"गुरुवारपासून?"

तो दिवा लावायला उठला. दिवा त्याच्या हाताशीच होता, तरी उठला.

*

कशाचा? पहिला प्रश्न.

मी डोक्यातल्या डोक्यात ती बाई तयार केली. ऑक्टोपस आणि प्रवाळ आले तेव्हा ती समुद्राकाठची होती, तिच्या टेबलावर शंख होते. शुक्र आला तेव्हा तिने चष्मा लावला आणि शिक्षिका झाली. मग एके रात्री हा म्हणाला, "दृष्टिपटलावर चित्र उलटं पडतं. मेंदू ते सरळ करतो." त्या दिवसापासून ती डोळ्यांची डॉक्टर झाली. पांढरा कोट, नखं कापलेली, अंधारी खोली, "इकडे बघा, आता माझ्या कानाकडे बघा." तिच्या कानाकडे!

मी त्याच्या डोळ्यांची तपासणी करून घेतली. चष्म्याच्या दुकानात स्वतः घेऊन गेले. नजर स्वच्छ. मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे हा कशाला जाईल?

"पाणी मुरतंय," वाफ म्हणाली.

"कुठे मुरतंय तेच कळत नाहीये."

"घशाच्या गोळ्यांचं काय?"

"बोलून घसा बसत असेल."

"तुझ्या नवऱ्याचा? बोलून?"

वाफेने मशीन खाली दाबलं. फुस्स. त्याहून जास्त मत द्यायची गरज नव्हती.

*

किती जुना? दुसरा प्रश्न. एक वर्ष. बल्बांची पिशवी आली त्याच्या आगेमागे.

*

मी सरळही विचारलं. मी काही झुरत बसणारी नव्हे.

"गुरुवारी कुठे असतोस?"

"कामावर."

"कुणाकडे?"

"एक म्हातारे आहेत. एकटे राहतात. वायरिंग जुनं आहे."

"वर्षभर एकाच घरातलं वायरिंग?"

"फार जुनं आहे."

"आणि हे सगळं कोण शिकवतं तुला? अस्वलं, जिराफ?"

"कानावर पडतं."

"वायरीतून?"

तो हसला. हसला ते मला अजिबात आवडलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे चोर अंधारात आरामात बसला होता आणि चांदणं माझ्याच डोक्यात पडलं होतं.

त्याच रात्री झोपता झोपता तो म्हणाला, "पाणमांजरं झोपताना कधी कधी एकमेकांचे हात धरतात. म्हणजे, प्रवाहात, वाहून जाऊ नये, म्हणून."

त्याच्या बोलण्यात स्वल्पविराम आले होते. तो हल्ली बोलताना थांबायचा, श्वास घ्यायचा, पुढे जायचा. कुणीतरी बसून शिकवल्याशिवाय माणूस असं थांबत नाही. त्याने माझा हात धरला. मी काढून घेतला. एवढ्यासाठी की ही कल्पना त्याची नव्हती.

मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि पहिल्यांदा नीट शब्दांत विचार केला: हा जाणार. आधी बोलणं गेलंय, मग कपडे जातील, मग हा जाईल. कपडे जाणं म्हणजे काय ते मला माहीत होतं.

*

कपडे. हे सांगायला हवं.

आई गेली त्यानंतर महिन्याच्या आत बाबांनी तिचे सगळे कपडे देऊन टाकले. अनोळखी लोकांना. मला न विचारता. मी घरी गेले, कपाट उघडलं, आत लाकडाचा वास होता फक्त. कापडावर मी जगते. माझ्या आईचा एक रुमालसुद्धा माझ्याकडे नाही. मी बाबांना काय बोलले ते बोलले, ते काय बोलले ते बोलले. आठ वर्षं झाली. बाबा नकाशे काढायचे, सरकारी कचेरीत, आयुष्यभर. लहानपणी त्यांच्या एका नकाशावर मी शाईची बाटली उपडी केली होती. तेव्हापासून माझं नाव दौत. डाग काढायचं वेड लागलं ते त्याच दिवशी.

भांडणानंतर आमच्या घरात नकाशा नाही. कॅलेंडरवर आला तरी मी ते पान फाडते. नवऱ्याला कधी सांगावं लागलं नाही. तो बघत असतो, बोलत नाही, एवढंच.

*

वर्ष संपत आलं होतं. एक निळा ड्रेस आला, महागाचा. वाफ तो उजेडात धरून म्हणाली, "अगं, हा पांढरट ठिपका कसला? डाग तर नाहीये."

"डाग होता. ज्या जागी कापड जास्तच स्वच्छ दिसतं, तिथे आधी कुणीतरी घासलेलं असतं. घरच्या घरी. लपवायला."

बोलले, आणि हातातला ब्रश तसाच राहिला.

तिसरा प्रश्न मी विचारलाच नव्हता. वर्षभर माझ्याच घरातल्या डागाला मी दोनच प्रश्न विचारत बसले होते. आधी कुणी हात लावलाय का?

त्या दिवशी मी काम असं काही केलंच नाही. टेबलाशी बसून नवऱ्याने आणलेलं सगळं आठवलं. समुद्र होता, पण कुठला समुद्र ते नव्हतं. अस्वलं होती, बर्फ होता, पण कुठला देश ते नव्हतं. एका पक्ष्याबद्दल तो म्हणाला होता की तो दर वर्षी पृथ्वीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो. कुठलं टोक? नदी नाही, डोंगर नाही, दिशा नाही. वायरमन माणूस, पूर्वी घरात "उत्तरेच्या भिंतीतलं सॉकेट" म्हणायचा. या वर्षात "खिडकीची भिंत" म्हणायला लागला होता.

समुद्र, आकाश, जनावरं, शरीर. सगळीकडे डाग. मध्ये एक जागा घासून पुसून लख्ख.

संध्याकाळी जेवायला बसलो. मी विचारलं, "तो पक्षी रे. कुठून कुठे जातो?"

"एका टोकापासून..."

"कुठल्या?"

"टोक म्हणजे टोक."

"नकाशात दाखवशील?"

त्याचा हात वाटीवरच थांबला. आमच्या घरात आठ वर्षांत कुणी हा शब्द उच्चारला नव्हता.

"बुधवार आहे आज," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे."

*

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून लवकर निघाले. "मारामारी झाली तर केस धर," वाफ म्हणाली. "कपडे धरू नकोस, नंतर आपल्याकडेच येतील." मी तिला सांगितलं नाही की मी कुठे चाललेय.

बाबांच्या गल्लीत उन्हं अजून होती. तरी त्यांच्या खिडक्यांमधून सगळे दिवे जळत होते, भर उजेडात, असे की डोळ्यांवर येत होते. दार लोटलेलं होतं. मी चपला काढल्या नाहीत. आत जायचं ठरलेलं नव्हतं.

आतून नवऱ्याचा आवाज. अडखळत, शाळेतल्या मुलासारखा: "घुबडाला डोळे... डोळ्यांची बुबुळं... फिरवता येत नाहीत, म्हणून, ते मान..."

"स्वल्पविरामाला थांब, धावतोस कशाला? घुबड कुठे पळून जातंय?" बाबांचा आवाज. तसाच. थोडा वाळलेला.

"म्हणून ते मान फिरवतं."

"हां. हे घरी सांगता येईल. यात काही नाही."

बाई नाही, शिक्षिका नाही, डॉक्टर नाही. काखेत कळसा. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आधी एकावर संशय होता, आता दोघांवर आला. हे दोघं माझ्या पाठीमागे वर्षभर ठरवत होते की मला काय सांगायचं आणि काय पुसायचं.

"वायरमन, थांब," बाबा म्हणाले. "दारात कापडाच्या औषधाचा वास उभा आहे."

पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

"ये दौत," बाबा म्हणाले. "उंबऱ्याची कड तुटली आहे, जपून."

*

बाबा खुर्चीत बसले होते आणि माझ्या डाव्या खांद्याकडे बघत होते. खांद्याच्या जरा पलीकडे. तेव्हा कळलं.

नवरा उभा राहिला. घसा खाकरला. वर्षभरात आणलेल्या एवढ्या शब्दांतला एकही त्याला सापडेना. मग जुन्या पद्धतीने, तुटक, त्याने सांगितलं. वर्षापूर्वी बाबांनी विजेच्या सामानाच्या दुकानात फोन केला की घरातले सगळे बल्ब मंद झालेत, माणूस पाठवा. तिथल्या मालकाने ह्याला पत्ता दिला, हा आला. सगळे बल्ब बदलले. बाबा म्हणाले, अजून मंदच आहेत. मोठे लावले. तरी मंद. "मग मी ह्यांच्यासमोर हात हलवला," तो म्हणाला. "मग डॉक्टरकडे नेलं. डोळ्यांमागची नस सुकलीय. पुस्तकं पडून होती. म्हणाले, फी देतो, वाच."

"दिली का फी?"

"घुबडं दिली," बाबा म्हणाले.

"आणि मला सांगू नको म्हणून कोण म्हणालं?"

बाबा म्हणाले, "मी. तू आली असतीस. आंधळ्या बापाला बघायला. ते नको होतं मला."

"मग काय हवंय तुम्हाला?"

"काही हवंय असं वाटतं तुला?"

"हो."

"तू पहिल्यापासून अशीच," बाबा म्हणाले. "देणाऱ्याच्या हाताचाही वास घेऊन बघायचीस."

मी कपाटाकडे बघितलं. तेच कपाट. बाबांना कसं कळलं कोण जाणे, त्यांनीही मान तिकडेच वळवली.

"दार उघडलं की ती आत उभी दिसायची," ते म्हणाले. "कपड्यांत. म्हणून दिले. तेव्हा मला दिसत होतं ना सगळं."

"हे वाक्य कुठल्या पुस्तकातलं?"

"दौत."

"विचारतेय. वर्षभर मी पुस्तकातलीच वाक्यं ऐकतेय."

"हे माझं आहे," बाबा म्हणाले. "वाचलेलं नाही. वाईट असेल, पण माझं आहे."

मला त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायला वेळ हवा होता. हातांना वेळ लागत नाही. त्यांच्या अंगावर तपकिरी कोट होता, घरातसुद्धा. डाव्या छातीवर सुपाचा नवा ओघळ, जुन्याच वाटेने. मी पुढे गेले, कॉलर उलटी केली. आत माझी चिठ्ठी. माझ्या अक्षरातला नंबर, टाचणी गंजायला आलेली.

"काय आहे?" बाबांनी विचारलं.

"दुकानाची चिठ्ठी. गेल्या वर्षीची."

"वर्षभर मी चिठ्ठी लावून हिंडतोय? आणि हा माणूस मला अस्वलाची कातडी सांगत बसलाय?"

"मला वाटलं कंपनीची असेल," नवरा म्हणाला.

तो खोटं बोलत होता. कोट दुकानात आणून टाकणारा तोच, परत नेणारा तोच, आणि माझं अक्षर त्याला अंधारातही कळतं. त्याने ती मुद्दाम राहू दिली होती, मी कधीतरी कॉलर उलटी करेन म्हणून. की नाही? मला अजूनही खात्री नाही. विचारलं की तो म्हणतो, घुबडाला मान फिरवावी लागते.

मी टाचणी काढली. ओघळावर बोट फिरवलं. हा प्यायलेला नव्हता, प्रेमातही नव्हता.

"कोट काढा," मी म्हटलं. "नेते."

"परत कोण आणणार?"

"गुरुवारी येतोच ना हा."

"हा वाचायला येतो," बाबा म्हणाले. "कपडे आणणं त्याचं काम नाही."

मी कोटाची घडी घातली, डाग आतल्या बाजूला. नवऱ्याने पुस्तक पुन्हा उघडलं, पण वाचलं नाही. खालच्या फळीवर गुंडाळलेले जाड कागद होते, दोऱ्याने बांधलेले. मी बघितलं आणि त्यांच्याकडे बोट केलं.

"हे कोण वाचून दाखवतं तुम्हाला?"

"ते वाचून दाखवता येत नाहीत," बाबा म्हणाले. "ते हात धरून दाखवावे लागतात. रेषेवरून."

नवरा जमिनीकडे बघत होता. मी चपला काढल्या, दारापाशी ठेवल्या आणि खुर्ची ओढली. विश्वास बसला म्हणून नाही. त्या नकाशावर माझ्या शाईचा डाग आहे का, ते मला बघायचं होतं.

*

बल्बांच्या त्या पिशवीतला एकही बल्ब गेलेला नव्हता. त्यांतला एक आमच्या स्वयंपाकघरात लावलेला आहे.